दोघांसाठी एक तंबू

ग्लॅमर आणि कॅम्पिंग हे दोन शब्द जोडून ‘ग्लॅम्पिंग’ हा शब्द तयार झाला आणि आता तो आपल्या ट्रॉम्बेतील मुलामुलींच्या मोबाईलमध्येही येऊन पोहोचला आहे. अर्थ साधा आहे. गावाकडे, डोंगराच्या किंवा तळ्याच्या काठी, एक रात्र तंबूत काढायची. पण सतरंजीवर अंग दुमडून नव्हे. तंबूत पलंग असतो, गादी-रजई असते, दिवा-पंखा असतो, मागच्या बाजूला स्वतंत्र न्हाणीघर व संडास असतो आणि पुढे लाकडी ओट्यावर दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. काही तंबू जाड कॅनव्हासचे, तर काही घुमटासारखे गोल, समोरून पारदर्शक. जाहिरातीत एक जोडपे पाण्याकडे पाहत चहा पीत बसलेले असते.

ही जाहिरात पाहून आपल्या वस्तीत दोन गोष्टी बोलल्या जातात. हे श्रीमंतांचे चोचले, ही पहिली. नवीन लग्न झालेल्यांचे, किंवा लग्नच न झालेल्यांचे उद्योग, ही दुसरी. लग्नाला अठरा-वीस वर्षे झालेल्या, मुले कॉलेजच्या उंबरठ्यावर असलेल्या नवरा-बायकोने असे कुठे जावे, हे कोणाच्या मनातही येत नाही. आमच्या मते त्यांनीच आधी जावे.

याला कारण आपली घरे. चीता कॅम्पची वस्ती १९७६ साली, आणीबाणीच्या काळात उभी राहिली. अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी पाडली गेली आणि तिथल्या हजारो कुटुंबांना खाडीकाठच्या या दलदलीच्या जमिनीवर आणून बसवले गेले. तेव्हा वाट्याला आलेल्या तुकड्यावर आज तिसरी पिढी नांदते आहे. खाली आई-वडील, लोखंडी शिडीने वर गेले की माळ्यावर थोरला मुलगा आणि सून. धाकट्याचे लग्न झाले की मध्ये आणखी एक पडदा लागतो. पडद्याने दिसणे थांबते, ऐकू येणे थांबत नाही. ट्रॉम्बे गावठाणात, पायलीपाड्यात, मानखुर्दच्या चाळींत चित्र फारसे वेगळे नाही. नवरा-बायको एका छताखाली वर्षानुवर्षे राहतात आणि दोघांत एक बोलणे पूर्ण होत नाही. कोणीतरी पाणी मागते, कोणी दार वाजवते, नाहीतर मूल जागे होते.

आम्ही दोघेही शिक्षक. पालकसभेत मुलाच्या गुणांवरून सुरू झालेली गोष्ट घरावर येते, हे आम्हाला ठाऊक आहे. आई आपल्याला जे सांगते ते बापाला ठाऊक नसते. बाप जे सांगतो ते ऐकून वाटते, हे त्याने घरी का सांगितले नाही? अनेकदा उत्तर एकच असते. सांगायला जागाच नाही. पैशाच्या तंगीवर लेख लिहिले जातात, व्याख्याने होतात. या जागेच्या तंगीवर आपल्याकडे कोणी बोलत नाही, कारण विषय संकोचाचा आहे.

दीनदार घरांत तर हा संकोच अधिकच. ‘बायकोला घेऊन हिंडतो’ हे वाक्य अजून टोमण्यासारखे वापरले जाते. असे म्हणणाऱ्यांना प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांची एका सफरीतली ती हकीकत ठाऊक नसेल असे नाही. सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगून दोघांनी धावण्याची शर्यत लावली, आणि त्या वेळी हजरत आयेशा (रजि.) पुढे गेल्या. काही वर्षांनी दुसऱ्या सफरीत पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या दिवसाची परतफेड, असे हसून म्हणाले. जुम्याच्या बयानात ही हकीकत कितीदा ऐकायला मिळते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

आमच्या घरी विषय काढला तेव्हा अम्मींनी फक्त एवढेच विचारले, “तंबू? मिनासारखा?” त्या हज करून आलेल्या आहेत, त्यामुळे तंबू म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर मिनाचे पांढरे शहर येते. मग म्हणाल्या, “जा. मुलांना मी बघते. पण मोहल्ल्यात सांगत फिरू नका.” ही अट आम्ही आता हा लेख लिहून मोडतो आहोत, तीही त्यांच्या परवानगीने.

तंबूतल्या ऐषारामाची गोष्ट निघाली म्हणून एक गंमत सांगावीशी वाटते. ज्याला आज नवी फॅशन म्हणतात ती आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी होती. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या छावणीचे वर्णन केले आहे, एका छावणीचे सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात शाहजहानच्या काळातला रेशमी ‘लाल डेरा’ आजही जपून ठेवलेला आहे. कनात, शामियाना, खेमा, राहुटी, डेरा, असे कितीतरी शब्द आपल्या भाषेत आहेत. ‘ग्लॅम्पिंग’वाचून कोणाचे काही अडलेले नव्हते. असो. आमच्यासोबत उंट नव्हते. दोन पाठपिशव्या, एक जानमाज आणि घरून भरून घेतलेला चहाचा थर्मास होता.

मुंबईकरांना जवळचे ठिकाण म्हणजे मावळातील पवना धरणाचा परिसर. लोणावळ्याहून पुढे पाऊण-एक तासाच्या अंतरावर हा जलाशय पसरलेला आहे. भोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना असे चार किल्ले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जलाशयाच्या काठाने तंबूंच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. त्यात सगळेच ग्लॅम्पिंग नव्हे. बहुतेक ठिकाणी दोन माणसांचे छोटे नायलॉनचे तंबू, सर्वांना मिळून न्हाणीघर, शेकोटी आणि मोठ्या आवाजात गाणी असा प्रकार असतो. शनिवारी रात्री तर लग्नाची वरात बरी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम तिथेही लागू आहे, पण नियम माहीत असणे वेगळे. शिवाय पिणारे शेजारी. म्हणून कुटुंबाने जायचे तर वार पाहून जावे. आम्ही रविवार-सोमवार निवडला आणि सोमवारी एक किरकोळ रजा टाकली. रविवारी दुपारी गर्दी मुंबई-पुण्याकडे परतते, आणि संध्याकाळी तोच काठ इतका शांत होतो की पाण्यात उडी मारणारा मासा ऐकू येतो.

जागा ठरवणे मात्र सोपे गेले नाही. एका ठिकाणी फोन केला. तारीख मोकळी आहे म्हणाले, दर सांगितला, जेवणाचे विचारले. मग नाव विचारले. नाव सांगताच थोडे थांबून, “सर, त्या दिवशी फुल झालंय,” असे उत्तर आले. तासाभराने मोबाईलवर पाहिले तर तीच तारीख, तोच तंबू मोकळा दिसत होता. असे अनुभव मुंबईत भाड्याचे घर शोधणाऱ्या आपल्या कित्येक वाचकांना आले असतील, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. आम्ही दुसरा नंबर लावला. तिथल्या माणसाने नाव ऐकून एवढेच विचारले, “व्हेज की नॉनव्हेज?” आम्ही तिथे गेलो.

नंतर मागे वळून पाहताना वाटते, फोनवरच विचारण्यासारखे प्रश्न आणखी आहेत आणि ते बायकांनी विचारलेले बरे, कारण पुरुषांना ते सुचत नाहीत. न्हाणीघर तंबूला जोडलेले आहे की चालत जावे लागते? आतून कडी आहे का? गरम पाणी किती वाजेपर्यंत? पहाटे फज्रच्या वजूला बर्फासारखे पाणी वापरायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. दोन तंबूंमध्ये अंतर किती? आणि घुमटाचा तंबू असेल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: आतून पडदा आहे का? जाहिरातीत तो पारदर्शक भाग दिवसा दाखवतात, तेव्हा आतून बाहेरचे सुंदर दिसते. रात्री आत दिवा लागला की बाहेरून आतले सगळे दिसते, हे कोणी दाखवत नाही. पडदानशीन बाईलाच कशाला, कोणालाही ते नकोसे होईल. आम्ही कॅनव्हासचा तंबू घेतला आणि निर्धास्त राहिलो.

ओळखपत्र दोघांचेही लागते. आपल्या घरांत एक अडचण हमखास येते: बायकोच्या आधारवर माहेरचे नाव आणि माहेरचा पत्ता. सज्ञान माणसांना तंबू द्यायला निकाहनाम्याची गरज नाही, तरी त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला तर दारातले बोलणे लवकर संपते. आम्हाला तो दाखवावा लागला नाही.

तंबूच्या मालकाचे वय पंचविशीच्या आत-बाहेर असावे. सामान ठेवून आम्ही ओट्यावर बसलो तेव्हा त्याने चहा आणि कांदाभजी आणली. गाव कोणते विचारले तर त्याने पाण्याकडे बोट दाखवले. पवना धरण १९७२ साली पूर्ण झाले, तेव्हा त्याच्या आजोबांची भातखाचरे आणि घर पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर वर येते. तेव्हा आजी काठावर उभी राहून, आपलं घर त्या बाजूला होतं, असे दाखवायची, हे त्याने सांगितले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पन्नास वर्षांनीही पुरते सुटलेले नाहीत. याच पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मारले गेले. आज त्याच गावांतली मुले काठावर तंबू लावून शहरातल्या लोकांना ते पाणी दाखवतात आणि त्यावर पोट भरतात.

आम्ही त्याला चीता कॅम्पचे सांगितले. आमचेही घर सरकारला जागा हवी होती म्हणून एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवलेले. तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही पण आमच्यातलेच.” त्यानंतर तो आम्हाला ‘सर-मॅडम’ऐवजी ‘काका-काकू’ म्हणू लागला.

जेवणात आम्ही मांसाहार टाळला. कोंबडी कोणी कापली, कशी कापली हा प्रश्न परक्या घरी विचारण्यापेक्षा शाकाहारी सांगणे सोपे. नुकसान काहीच झाले नाही. त्याच्या आईने चुलीवर पिठले केले, बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि इंद्रायणी तांदळाचा भात. इंद्रायणी हा मावळचा तांदूळ. शिजताना असा सुगंध येतो की पाहुणा स्वयंपाकघराकडे आपोआप वळतो. आम्हाला वाढताना ती माउली म्हणाली, “मुलांना आणलं नाही व्हय?” आजीजवळ ठेवली म्हटल्यावर क्षणभर विचार करून म्हणाली, “बरं केलं. आम्हाला कधी असं जमलं नाही.”

इशाची नमाज आम्ही ओट्यावर जमाअतीने अदा केली. किब्ला पश्चिमेला, उत्तरेकडे किंचित झुकलेला; मोबाईलचे होकायंत्र चालते, पण मावळतीची दिशा आधीच पाहून ठेवावी. ट्रॉम्बेहून पवना शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. नमाज कसर करायची की पूर्ण, हे निघण्याआधीच आपल्या मौलानांना विचारून घ्यावे, कारण हनफी आणि शाफई घरांत अंतराचा हिशेब थोडा वेगळा असतो.

आणि मग आम्ही बोललो. आमच्या मुलीला बारावीनंतर औषधनिर्माणशास्त्राला जायचे आहे आणि तिच्या मनात आहे ते कॉलेज मुंबईबाहेर आहे, वसतिगृहाचे. सहा महिने हा विषय घरात हवेत लटकलेला होता. आमच्यापैकी एकाला वाटत होते, जाऊ द्यावे. दुसऱ्याला वाटत होते, नको. घरी हे बोलायला घेतले की मुलगी पडद्याआड जागी असते, अम्मींचे मत वेगळे असते, शेजारची खाला नेमकी तेव्हाच वाटी घेऊन येते. त्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही तोच एक विषय बोललो. आवाजही चढला. वर्गात मुलांना गप्प करणारी दोन माणसे एकमेकांवर चढ्या आवाजात बोलत होती आणि ऐकायला फक्त टिटव्या होत्या. निर्णय त्या रात्री झाला नाही. पण ‘नको’ म्हणणाऱ्याच्या मनात वसतिगृहाची भीती नव्हती, घर रिकामे होण्याची होती, हे वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तोंडून निघाले. त्याच्यावर काय बोलायचे ते दुसऱ्यालाही सुचले नाही. रजई अंगावर ओढून आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. मावळातली जानेवारीतली रात्र अंगाला झोंबणारी असते.

थंडीचा उल्लेख आला म्हणून एक धोक्याची गोष्ट इथेच लिहितो. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत कधीही घेऊ नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास; बंद तंबूत झोपलेल्या माणसाला तो झोपेतच संपवतो. शेकोटी बाहेर, तीही वाऱ्याची दिशा पाहून. मिनाची आठवण अम्मींनी काढली होती, ती या बाबतीत उपयोगाची आहे. १५ एप्रिल १९९७ रोजी मिनाच्या तंबूंना आग लागून ३४३ हाजी शहीद झाले. त्यानंतर तिथे आग न पकडणाऱ्या कापडाचे तंबू बसवले गेले आणि तंबूत स्वयंपाकाच्या गॅसला बंदी आली. आपल्याकडच्या तंबूवाल्याला कापड कसले आहे, आग विझवायचे नळकांडे कुठे आहे, असे विचारले तर तो आधी चकित होतो. तरी विचारावे.

पाण्याचे तर विचारूच नका. धरणाच्या काठाचा चिखल दिसतो घट्ट, पण खाली खोल उतार असतो, आणि पोहता येणारी मुलेही दरवर्षी तिथे बुडतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते दृश्य आपण सर्वांनी मोबाईलवर पाहिले. पावसाळ्यात तंबूच्या वाटेला जाऊ नये, हे आमचे स्पष्ट मत. मावळात पाऊस बेसुमार पडतो, खुंट्या उखडतात, कापड गळते, वाटा निसरड्या होतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तंबू भट्टीसारखा तापतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच खरे दिवस, त्यातही रमजान कधी येतो ते कॅलेंडरात पाहून.

खर्चाचे बोलू. आमच्या तंबूचे दोघांचे एका रात्रीचे साडेपाच हजार झाले. त्यात संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण आणि सकाळचे पोहे. आम्ही चौकशी केली तेव्हा घुमटाचे तंबू याच्या दुप्पट-तिप्पट सांगत होते, आणि सामायिक न्हाणीघराचे साधे तंबू निम्म्याहून कमी. साडेपाच हजार ही आपल्या घरांत लहान रक्कम नव्हे. भिशीत दर महिन्याला पाचशे टाकले तर वर्षभरात जमते, तेवढीच. लग्नाच्या एका दावतीत आपण अहेरावर आणि कपड्यांवर याहून जास्त घालवतो, आणि ती दावत दोन दिवसांत कोणाच्या लक्षातही राहत नाही. तरी ज्यांना हेही परवडत नाही त्यांनी कर्नाळ्याच्या अभयारण्यात एक दिवस घालवावा. पनवेलच्या पुढे बारा किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. रात्र मिळत नाही, पण झाडाखालचे तीन-चार तास मिळतात. २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आणल्यापासून शेतकऱ्यांच्या घरी राहण्याची सोयही वाढली आहे. तंबूपेक्षा ती अनेक ठिकाणी स्वस्त पडते आणि भिंती असतात.

प्रवास आम्ही एसटीने केला. चेंबूरच्या मैत्री पार्कला पुण्याकडच्या गाड्या मिळतात. लोणावळ्याला उतरायचे, तिथून पुण्याच्या लोकलने कामशेत आणि कामशेतहून पवनानगर. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे दोघांचा प्रवास दीड तिकिटात होतो. मोटारसायकलवर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुन्या महामार्गानेच जावे लागते आणि खंडाळ्याच्या घाटात ट्रकच्या मागे धूर खात चढावे लागते. चाळिशीनंतर पाठीला ते झेपत नाही.

सोमवारी निघताना आम्ही त्या घरून पाच किलो इंद्रायणी तांदूळ विकत घेतला. तंबूवाल्याने पिशवी कामशेतपर्यंत आपल्या गाडीवर आणून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर मुलांनी तंबूचे फोटो मागितले. काढलेले फक्त दोन होते, दोन्ही डोंगराचे. अम्मींनी तांदूळ हातात घेऊन हुंगला, खूश झाल्या आणि शुक्रवारी त्याचीच बिर्याणी करायला घेतली. इंद्रायणी हा काही बिर्याणीचा तांदूळ नव्हे. सगळा गिचका झाला. आम्ही सर्वांनी तो दह्याबरोबर खाल्ला, आणि रात्री मुलगी माळ्यावर झोपायला गेली तेव्हा अम्मी म्हणाल्या, “मी आज मशिदीच्या बाजूच्या घरी झोपायला जाते, तिथल्या आपाने बोलावलंय. तुम्ही दोघं त्या कॉलेजचं काय ते बोलून घ्या.”